चोर्ला घाट आणि बुडालेलं जहाज

आमच्या कडोलीच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. तेव्हा आबांचं एकच सांगणं असायचं, पाण्याखाली गेलास की श्वास धर. स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकताना ही सवय मोडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथला पहिला नियम म्हणजे श्वास अजिबात कोंडायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते, आणि ती अडकली तर फुप्फुसाला इजा होते.

गोव्यात स्कुबाचा सुरुवातीचा, ओपन वॉटर कोर्स केला. 200 मीटर पोहणं विहिरीवर वाढलेल्याला जड नाही. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढणं मात्र तीनदा चुकलं. शेवटच्या दिवशी ग्रँड आयलंडजवळच्या 'सुझीज रेक' या बुडालेल्या जहाजावर उतरलो.

पाच मीटरवरच उजव्या कानाला दडा बसला, कळ आली. बेळगावहून गोव्याला येताना चोर्ला घाट उतरताना बसतो तसाच, पण घाटात आवंढा गिळून भागतं. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, तिथं दुखण्याची वाट बघून चालत नाही. इन्स्ट्रक्टरला कान दाखवला, थोडं वर आलो, नाक चिमटीत धरून हलकंच फुंकलं. टक्‌ झालं.

मग हिरवट, गढूळ पाण्यातून एकदम लोखंड पुढं आलं. परातीएवढ्या पत्र्यावर बोट टेकायला जागा नव्हती, सगळा कालवांनी आणि स्पंजांनी भरलेला. एका भोकातून करंगळीएवढा मासा डोकं काढून बघत होता. मी श्वास सोडला की आत, बुडबुडे गेले की परत बाहेर. पत्र्याखालच्या अंधारात एक मोठा मासा, गोब्रा, गलफडं हलवत थांबला होता. आजूबाजूला नुसती वाळू आणि गाळ. चिकटून वाढायला टणक जागा मिळाली की आधी हे बारीक जीव येतात, त्यांच्यामागं लहान मासे, त्यांच्यामागं मोठे. म्हणून तर जुनी जहाजं तेल-बिल काढून, साफ करून मुद्दाम बुडवतात. 2006 साली अमेरिकेनं ओरिस्कनी ही अख्खी विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली. आपल्या नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या आयएनएस गुलदारसाठीही सिंधुदुर्गात निवतीजवळ तशीच योजना आखली गेली. ती बघायला मी नक्की जाणार.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. बोटीवर इन्स्ट्रक्टरनं विचारलं, "आज कुठं जाणार?"

"बेळगावला."

"घाट चढून? आज नाही."

खोलात रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेलं तर सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होतात. डायव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नाही हा नियम सगळे सांगतात, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडून डायव्हिंगला जाणाऱ्या प्रत्येकानं मुक्कामाची सोय करूनच निघावं.

वास्कोला आत्याकडे राहिलो आणि आबांना फोन लावला.

"गाडी बिघडली काय रे?"

"नाही आबा. घाट उंच आहे."