नववा प्रश्न

बारा वर्षं झाली, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात मी आशा म्हणून फिरते. लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, बाळांची वजनं, हे सगळं अंगवळणी पडलंय. गेल्या वर्षी नैराश्याचं प्रशिक्षण झालं, तिथे मात्र मी नवव्या प्रश्नाला अडले.

प्रश्न एकूण नऊ. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, कशात मन लागतं का, असं विचारत जायचं आणि प्रत्येकाला 0 ते 3 गुण द्यायचे. नववा मरणाच्या विचारांचा. सरावाला समोर माझीच मैत्रीण होती, तरी शब्द फुटेना. असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही, हेच लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, ही भीती. तसं होत नाही, विचारल्याने माणसाला उलट मोकळं व्हायला वाव मिळतो, हे बाईंनी सांगितलं. मला ते पटलं एका काकीच्या पडवीत. (ओळख कळेल असं सगळं बदललंय.)

काकी तांदूळ निवडत होती. अंग दुखता, छातीत धडधडता, एवढंच सांगायची. देवळात कौल लावून झाला होता. मी त्याला नावं ठेवली नाहीत. कागदावरचं पुस्तकी वाक्य बाजूला ठेवून विचारलं, “काकी, मरान गेला तर बरा, असा येता काय गो मनात?”

सुपातला हात थांबला. “येता गो. राती येता.”

झिलाच्या तोंडाकडे बघ, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ती रडली, मी बसून राहिले. मग जिवाचं काही करायचं ठरवलंय का, तेही विचारलं. नव्हतं. तिला सांगूनच त्या दिवशी डॉक्टरांना कळवलं आणि घरात 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. नवव्याला ‘हो’ आलं की एकटीने सांभाळायचं नसतं.

पुढच्या भेटींत छोटी कामं ठरवली. काकी पूर्वी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची. “मन बरा झाला की करतलंय,” म्हणाली. प्रशिक्षणात शिकवलेल्या पद्धतीत उलटं असतं, आधी हात हलवायचे, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. मग काम आणखी लहान केलं: झाडाला फक्त एक तांब्या पाणी.

शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेने हेच 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी 6 ते 8 भेटी दिल्या आणि रुग्णांना नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फरक पडला. 2017 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे ते समुपदेशक गटात बसून एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकत आणि गुण देत. आम्हाला प्रशिक्षण मिळालं, पण पुढे चुकतंय कुठे ते सांगणारं कोणी नाही. वाईट वाटतं, कारण समोर जिवाचा प्रश्न असतो.

म्हणून आम्ही तिघी दर सोमवारी अंगणवाडी सुटल्यावर बसतो. नावं न घेता भेट सांगायची, दोघींनी ऐकायचं. परवा मैत्रीण म्हणाली, “काकी गप्प झाली तेव्हा तू लगेच पुढचा प्रश्न टाकलास.” खरं होतं. या गुरुवारी मी थांबले. बऱ्याच वेळाने काकी उठली, मागीलदारी गेली आणि ओंजळीत अबोली घेऊन आली.