नव्या रीफ टँकमध्ये अल्कलिनिटी स्थिर करताना : माझा अनुभव

माझा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, दोनशे लिटरचा. कोरडे रॉक घालून सुरू केला, सायकल (अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू टँकमध्ये रुजणं) पूर्ण व्हायला महिना लागला आणि सहाव्या आठवड्यात पहिली कोरल आणली: थोडे झोअँथिड, एक हॅमर आणि तळहाताएवढा मॉन्टिपोरा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट आणि कार्बोनेट (कोरल त्यातूनच सांगाडा बनवतात), ८.३ डीकेएच होती; डीकेएच हे तिचं एकक. समुद्राच्या पाण्यात ती सातच्या आसपास असते आणि रीफ टँकमध्ये बहुतेक जण सात ते अकरामध्ये कुठेतरी ठेवतात, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

तीन दिवसांनी ७.५ आली आणि माझी झोप उडाली. लगेच सहा ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून टाकला. शंभर लिटरला तीन ग्रॅम घातला की साधारण १ डीकेएच वाढते, म्हणून दोनशेला सहा असा हिशोब केला होता. पण रॉक आणि वाळूने अडवलेली जागा वजा केली तर पाणी जेमतेम एकशेसत्तर लिटर भरत होतं, हे ध्यानातच आलं नाही. रविवारी वीस टक्के पाणी बदललं. सॉल्ट मिक्स (खारं पाणी बनवायचं तयार मीठ) घालून केलेलं ते नवं पाणी ११.४ चं होतं, हे नंतर तपासल्यावर कळलं. टँक ९.२ वर गेला. मग घाबरून सगळं थांबवलं, तर आठ दिवसांत ७.६. पुन्हा सोडा.

तीन आठवडे असे गेले आणि मॉन्टिपोराची वाढती कड पांढरी पडली. नखभर रुंदीची पट्टी, आतला सांगाडा दिसणारी. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्य असताना अल्कलिनिटी अशी वर गेली की कडेच्या नाजूक पेशी आधी मार खातात, असा अनेक रीफ पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. माझ्याकडे नेमकी तीच परिस्थिती होती. त्या पट्टीकडे बघताना फार वाईट वाटलं, कारण कोरलला काही कमी पडू नये म्हणूनच तर मी हे सगळं करत होतो.

त्यानंतर सोड्याचा डबा बाजूला ठेवला आणि आधी टेस्ट किटच तपासायला घेतलं. आरओच्या दहा लिटर पाण्यात २.४ ग्रॅम सोडा नीट मोजून विरघळवला की ८ डीकेएचचं पाणी तयार होतं. माझं किट त्याला ८.५ दाखवत होतं. ही चूक दरवेळी तेवढीच येत असेल तर ती वजा करता येते. खरं घोडं पेंड खात होतं ते माझ्या हाताशी. टँकचं तेच पाणी लागोपाठ तीनदा तपासलं, तर ७.८, ८.३ आणि ८.१ असे तीन आकडे आले! किटचं द्रावण रंग पालटेपर्यंत सिरिंजने थेंबाथेंबाने सोडायचं असतं; तिच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकत होता. शिवाय पिवळ्या दिव्याखाली निळा रंग गुलाबी झाला की अजून जांभळटच आहे, हे कळत नव्हतं. म्हणजे ज्या ०.८ च्या घसरणीने मी हादरलो होतो, तिच्यातला काही भाग टँकमध्ये घडलाच नसावा.

आता बाटलीमागे पांढरा कागद धरतो, बुडबुडा काढून टाकतो, शेवटचे थेंब एकेक करून सोडतो आणि रंग पालटून तसाच टिकला की थांबतो. वेळही ठरलेली, रात्री नऊची.

मग सात दिवस काहीही घातलं नाही. रोज फक्त आरओ पाण्याने बाष्पीभवन भरून काढायचं, तेही खुणेपर्यंतच. पाणी आटलं की खारटपणा वाढतो आणि त्याबरोबर अल्कलिनिटीचा आकडाही फुगतो. पहिल्या दिवशी ८.६, सातव्या दिवसाअखेर ७.२. रोजची घट ०.२. वहीत तो आकडा लिहिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की टँक काय मागतोय ते मला कळलं. मोजक्या कोरलच्या मानाने हा खप जरा जास्तच होता. पण नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्रेट होतानाही अल्कलिनिटी खर्च होते, आणि कोऱ्या रॉकवर थोडं कॅल्शियम कार्बोनेट आपोआपही बसतं. मॅग्नेशियम कमी असेल तर हे जास्त होतं. माझं १३०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १३०० भाग) आसपास होतं, त्यामुळे ती काळजी मिटली.

०.२ ची घट म्हणजे माझ्या पाण्याला दिवसाला एक ग्रॅम सोडा. लिटरभर आरओ पाण्यात पन्नास ग्रॅम विरघळवून ठेवला आणि त्यातलं वीस मिली रोज द्यायला लागलो. सकाळी दहा मिली, संध्याकाळी दहा मिली, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे. सॉल्ट मिक्सही बदललं. आठच्या जवळपास बसणारं घेतलं आणि दर आठवड्याला दहा टक्केच पाणी बदलायचं ठरवलं. दोन आठवडे आकडा ७.८ ते ८.१ मध्ये राहिला. रोजचा खप ठाऊक नसताना दिलेला प्रत्येक डोस हा अंदाजच असतो, असं माझं आता ठाम मत आहे.

तिसऱ्या महिन्यात मागच्या काचेवर आणि पंपावर जांभळे ठिपके उमटले. कोरलाइन (चुनखडीचा थर बनवणारं जांभळं शेवाळ) आली म्हणून आनंद झाला, आणि त्याच आठवड्यात तेवढाच डोस देऊनही आकडा उतरू लागला. कोरलाइन आणि वाढणारी कोरल दोन्ही कार्बोनेट ओढतात. पुन्हा चार दिवस मोजलं, खप ०.३५ निघाला, डोस पस्तीस मिली केला. या वेळी हात थरथरले नाहीत.

कॅल्शियमकडे मात्र उशिरा लक्ष गेलं. सांगाडा बनताना १ डीकेएचमागे कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम कमी होतं, त्यामुळे आठवडाभर काही जाणवतच नाही. ४३० वरून ३९५ वर आलेलं पाहिल्यावर कॅल्शियम क्लोराइड सुरू केलं. ते सोड्यापासून लांब आणि वेगळ्या वेळी घालतो, कारण दोन्ही एका जागी पडले की पाणी दुधाळ होतं आणि घातलेलं वाया जातं. पुढे चुन्याची निवळी वापरायचा विचार आहे; तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात आणि रात्री उतरणारा पीएचही सावरतो. पण तिचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून थेंबाथेंबाने सोडायची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय हात लावणार नाही.

काल रात्रीचं रीडिंग ७.९. मॉन्टिपोराच्या पांढऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने तपकिरी रंग चढत आलाय, आणि एका टोकाला त्याच्याही पुढे नवी फिकट कड फुटली आहे.