माझी वारी, तरडगाव ते फलटण सोडून

बरेच दिवस लिहायचं होतं पण हात होत नव्हता. वारीचं लिहायचं तर वजनाचं लिहावं लागणार आणि वजनाचं लिहायचं तर त्याच्या मागचं सगळंच. तर आता एकदाच लिहून टाकते.

मला पीसीओडी आहे, म्हणजे अंडाशयाचा, हार्मोन्सचा त्रास, कॉलेजात होते तेव्हापासून. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून आयव्हीएफचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या आधी थोडं वजन उतरवा, पाच-दहा टक्के उतरलं तरी हार्मोन्समध्ये फरक पडतो. मी तेव्हा ९१ किलो होते. चौदा महिन्यांत ७४ वर आले. सकाळचं चालणं, आठवड्यातून तीनदा डंबेल्स, ताटात आधी भाजी आणि डाळ मग पोळी, चहातली साखर बंद, आणि एक वही जिच्यात दर रविवारी आकडा लिहायचा. अवघड गेलं नाही हो, खरंच नाही, कारण उतरलेला प्रत्येक किलो मी मनात बाळाच्या नावाने जमा करत होते.

आयव्हीएफची पहिली सायकल, म्हणजे उपचारांची पहिली फेरी, फेल गेली. दुसरी लागली, घरात सगळे रडले आनंदाने, आणि सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते कंपनीने पुढे वाढवलं नाही. मी घरी बसले, आणि खायला लागले. लपून खायचे, नवरा ऑफिसला गेल्यावर, उभ्याउभ्याच ओट्याशी. ज्याच्यासाठी कमी करत होते तेच नाही तर आता कशाला, हे एवढंच डोक्यात. नऊ महिन्यांत ८७ झाले. वही माळ्यावर टाकली.

माझी मावशी दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर जाते, रथामागच्या एका दिंडीत. ती मार्चमध्ये घरी आली, मला बघितलं, काही बोलली नाही, जाताना फक्त म्हणाली की भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरतेय तुझी पण. मी म्हटलं मावशी मला नाही जमणार एवढं चालायला, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे. ती म्हणाली अडीचशे कुठे, एका दिवसाचंच चालायचं असतं रोज.

मी मनाशी ठरवलं होतं की विठ्ठलाकडे काही मागायचं नाही. मागून झालं होतं खूप.

तयारीचं थोडं सांगते, कारण जाड माणसांना कुणी हे सांगत नाही. पायापेक्षा जास्त त्रास मांड्या घासण्याचा होतो, दुसऱ्या दिवशीच कातडी सोलवटते आणि पावसात भिजलेल्या सलवारीने तर विचारू नका. आत सायकलिंग शॉर्ट्स घालायच्या आणि सकाळ-दुपार व्हॅसलिन लावायचं. शूज नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, कारण पाय सुजतात. मी पीसीओडीसाठी मेटफॉर्मिनची गोळी घेते, त्याने पोट बिघडतं अधूनमधून, वारीत टॉयलेटची भीती होती म्हणून डॉक्टरांना विचारून वेळा ठरवून घेतल्या. हल्ली मुक्कामाला फिरती शौचालयं असतात पण पहाटे साडेतीनला उठलं तरच रांग कमी. आणि एप्रिलपासून रोज चालले, तीन किलोमीटरपासून सुरुवात, जूनपर्यंत बारा.

२९ जूनला आळंदीहून प्रस्थान झालं. पुण्यात दोन मुक्काम, मग पुणे ते सासवड, तो सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यातच दिवे घाट. त्यादिवशी एकादशी. पोटात साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि कुणीतरी हातात ठेवलेला राजगिऱ्याचा लाडू. घाटाच्या पायथ्याशी वर बघितलं आणि छातीत धस्स झालं, वळणावळणाचा रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरलेला, मधे डोक्यावरच्या तुळशी, शेवट दिसतच नव्हता. पण गंमत अशी की घाट आपण चढतच नाही एका अर्थी. पुढे अभंग चालू असतो, टाळाचा ठेका असतो, मागून माणसं असतात, त्या लयीत पाय पडत जातो. जिममध्ये ट्रेडमिलवर मी दर मिनिटाला आकडे बघायचे. इथे बघायला आकडाच नव्हता. वर पोचले तेव्हा मावशीने पाणी दिलं आणि मी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडले, कशासाठी ते आजही नीट सांगता येणार नाही.

दिंडीत चालताना बायका ओळख करून घेतात आणि तिसरा प्रश्न हमखास तोच. लेकरं किती? मी नाहीत म्हटलं की देईल विठ्ठल, किंवा अमुक डॉक्टर चांगलाय, किंवा नुसतंच च्च. वाईट मनाने कुणीच विचारत नाही हे कळतं तरी घशात येतं. जेजुरीच्या अलीकडे असंच झालं. विचारणाऱ्या काकूंना मी नाहीत म्हटलं आणि मान खाली घालून चालायला लागले. शेजारी एक आजी होत्या, परभणीकडच्या, सत्तरीच्या असतील, डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन. त्या एकदम म्हणाल्या, "धर गं माय जरा, पदर सुटलाय माझा." आणि वृंदावन माझ्या डोक्यावर ठेवलं.

पदर त्यांनी मिनिटात खोचला. वृंदावन तासभर माझ्याकडेच राहिलं.

डोक्यावर तुळस असली ना की खाली बघताच येत नाही. मान सरळ ठेवावी लागते, खांदे मागे, पाऊल अंदाजाने. मी कितीतरी वर्षं खांदे पुढे ओढून चालायचे, छाती-पोट दिसू नये म्हणून, ओढणी पसरून. लग्नाच्या फोटोतही तशीच उभी आहे. आणि इथे हजार माणसांत मान वर करून चालत होते आणि येणारी-जाणारी माणसं वाकून नमस्कार करत होती, तुळशीलाच, पण समोर मी होते. एका लहान मुलीने माझ्या पायाला हात लावला. ह्या अंगाला मी किती शिव्या घातल्या होत्या त्या दोन वर्षांत, नापास अंग म्हणायचे मी त्याला, नवऱ्यासमोर सुद्धा.

जेवणाचंही तसंच. पंगतीत बसायचं, वाढणारा पुढ्यात आला की "घ्या माऊली" म्हणून पिठलं-भाकरी, भात-आमटी वाढणार. पहिल्या दिवशी मी अर्धीच भाकरी घेतली, सवयीने. एवढी चाललेली मी, संध्याकाळी हात थरथरायला लागले. आजी बघत होत्या, म्हणाल्या पोटभर जेव, उद्या पाय कोण तुझी मावशी उचलणार का. मग जेवले. भूक लागली म्हणून, सगळ्यांमध्ये बसून, मांडी घालून. नऊ महिने ओट्याशी उभं राहून जे खाल्लं होतं त्यातला एकही घास भुकेचा नव्हता हे तिथे पत्रावळीसमोर बसल्यावर कळलं.

नीरा स्नान झालं, लोणंद झालं. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण बघितलं, दोन्ही बाजूला वारकऱ्यांच्या रांगा आणि मधून माऊलींचा अश्व वाऱ्यासारखा गेला, तो गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला नुसती झुंबड. मी पण लावली. त्या नादात पायाकडे लक्षच नव्हतं. तरडगावला मुक्कामाला मोजा काढला तर डाव्या टाचेचा फोड फुटून आत पू झालेला. दवाखान्याच्या तंबूतल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या आणि उद्या अजिबात चालायचं नाही म्हणाले.

म्हणजे तरडगाव ते फलटण ट्रकमधून.

हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण मला त्या रात्री झोप नाही लागली. राहुटीत पडून एकच विचार की बघ, हे पण अर्धवटच, तुझं काहीच पूर्ण होत नाही. सकाळी दिंडी निघाली आणि मी सामानाच्या ट्रकमध्ये, गाद्या आणि पातेल्यांच्या मधे, चुलीवर काम करणाऱ्या बायकांबरोबर. फलटणला पोचून त्यांच्यात बसून पोतंभर कांदा चिरला. मावशीला फोन करून सांगितलं की मी इथूनच घरी जाते, आता पुढे चालून काय उपयोग, वारी तर मोडली. ती म्हणाली संध्याकाळी बोलू.

संध्याकाळी मावशीऐवजी आजीच आल्या शेजारी, पाय पसरून बसल्या, मी त्यांच्या तळव्यांना तेल लावत होते. सहज विचारलं, आजी किती वाऱ्या झाल्या तुमच्या? म्हणाल्या, "बावीस. मधी चार हुकल्या."

चार कशा? तर एक मालक आजारी होते तेव्हाची, एक सुनेच्या बाळंतपणाची, आणि दोन कोरोनातल्या. २०२० आणि २०२१ ला पायी वारीच नव्हती ना, पादुका एसटीने गेल्या होत्या पंढरपूरला. त्या दोन वर्षी आषाढी एकादशीला आपण अंगणातच तुळशीभोवती फिरलो म्हणाल्या. मी विचारलं, मग परत पहिल्यापासून मोजलं का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. मग म्हणाल्या, "हुकली ती हुकली माय. झालेल्या कुठं जात्यात?"

आणि दुसरा पाय पुढे केला.

मी तेल लावत राहिले. डोक्यात मात्र चौदा महिने फिरायला लागले. १७ किलो उतरवले होते मी, ते खरंच झालं होतं. पहाटे उठणं, डंबेल्स, ती ताकद. १३ परत आले म्हणून मी सगळंच पुसून टाकलं होतं, स्वतःच्या हाताने. आणि ते सात आठवडे सुद्धा. ते पण झालेच होते ना. मी त्यांच्याबद्दल कुणाशी बोलतच नव्हते, जणू काही घडलंच नाही, कारण शेवट तसा झाला. त्या रात्री आजींना सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, काही समजूत वगैरे घातली नाही, माझी वेणी सोडून परत घट्ट घातली आणि झोप म्हणाल्या.

डॉक्टरांना टाच दाखवली तर म्हणाले सूज उतरलीय, हळू चाला. दुसऱ्या दिवशी बरडपर्यंत टाचेला पट्टी बांधून सगळ्यात मागे चालले, विसाव्याला दिंडी थांबली की तिला गाठायचे. हे विसावे मला फार आवडले. ठरलेल्या जागी सगळे बसणार, पाय मोकळे करणार, कुणी डुलकी काढणार, आणि मग विणेकरी उठले की सगळे उठणार. बसलात म्हणून तुम्ही चालणारे नाही असं कुणी म्हणत नाही.

नातेपुते, माळशिरस झालं. वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, म्हणून उतारावरून सगळे वारकरी पळतात. टाच तोवर बरीच भरली होती. मी ठरवलं होतं कडेने चालत उतरायचं. पण आजूबाजूला म्हातारे पळतायत, पिशव्या घेतलेल्या बायका पळतायत, आणि मावशीने हात धरला. शाळेनंतर मी पहिल्यांदा पळाले. सगळं अंग हललं, हललं तर हललं.

वाखरी, मग पंढरपूर. दर्शनाची रांग माझ्याच्याने झाली नसती, चंद्रभागेत पाय बुडवले आणि कळसाचं दर्शन घेतलं. १७ जुलैची एकादशी. ठरल्याप्रमाणे मागितलं काहीच नाही. नाव सांगितलं फक्त, जे आम्ही ठरवलं होतं ते.

आता आकडा, कारण सगळे विचारतात. घरी येऊन लगेच काट्यावर उभी राहिले तर अर्धा किलो वाढलेलं. घाबरू नका असं झालं तर, एवढ्या श्रमाने स्नायूंना सूज असते, अंगात पाणी धरलं जातं, आठवड्याने खरं कळतं. आठवड्याने ८५.६ होते. म्हणजे दीड किलोच्या आसपास. हिशोबही तसाच बसतो, माझ्या वजनाला किलोमीटरला साधारण ५० ते ६० कॅलरी, आणि एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७७०० कॅलरी, तर अख्ख्या वारीचे मिळून पावणेदोन किलो, ते पण पोटभर जेवलेलं वेगळं. वारीने वजन उतरतं म्हणून जाणार असाल तर तेवढ्यासाठी जाऊ नका.

माळ्यावरून ती जुनी वही काढली. आधी मी दर वेळी नवीन वही करायचे, नवीन सुरुवात म्हणून. ह्यावेळी त्याच वहीत ७४ च्या खाली पुढच्या ओळीवर ८५.६ लिहिलं आणि तारीख टाकली. मधल्या नऊ महिन्यांची जागा सोडली नाही. नंतर एकदा ८४ झाले, पाळीच्या गडबडीत पुन्हा ८५, सध्या ८१ आहे. नोकरी लागली, आधीपेक्षा पगार कमी आहे पण घराजवळ. तिसऱ्या सायकलचं आम्ही अजून ठरवलेलं नाही.

पुढची भिशी भरलीये. आजींचा नंबर आहे माझ्याकडे, त्या फोन उचलत नाहीत पण नातू निरोप देतो. शूज नवीन घेतलेत, महिनाभर आधीपासून घालून चालायला सुरुवात करणार आहे, टाचेची ती शिवण ह्यावेळी नीट बघून घेतली आहे.