लिव्हिंग विल करायला निघाले, त्याची गोष्ट

2016 च्या पावसाळ्यात माझे वडील, अण्णा, 21 दिवस आयसीयूत होते. व्हेंटिलेटरची नळी ते ओढून काढतील म्हणून त्यांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधले होते. भेटीच्या वेळेत मी पट्टी जरा सैल करायचे, मी बाहेर पडले की सिस्टर ती पुन्हा आवळायची. तिचंही काही चुकत नव्हतं.

नळी घालायला रात्री दोन वाजता माझी एक सही पुरली होती. काढायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी हात वर केले. ‘तसं करायचं तर कोर्टात जा.’ हेही खोटं नव्हतं. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेली मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग, तिच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवायची वाट मोकळी केली होती, पण दर वेळी उच्च न्यायालयाची परवानगी काढून. अंथरुणाला खिळलेल्या बापासाठी उच्च न्यायालयात जायचं त्राण कोणात असतं? शेवटी ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ असं लिहून देऊन अण्णांना घरी आणलं. अॅम्ब्युलन्समधला पोरगा वाटभर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत होता. घरी कॉटवर ठेवल्यावर त्याने मला विचारलं, “थांबवू?” मी मान हलवली. विशीतला मुलगा, ना डॉक्टर ना नातेवाईक, आणि तो मला हे विचारत होता.

ती मान माझ्या मुलाला हलवायला लागू नये, एवढ्यासाठी मी लिव्हिंग विल करायचं ठरवलं, म्हणजे मला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं. ठरवलं आणि चार वर्षं काहीच केलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं इच्छापत्र वैध ठरवलं खरं, पण त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयानेच ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की झालं. मग मला सबब उरली नाही.

पहिला कच्चा मसुदा घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. मी लिहिलं होतं, ‘मला यंत्रांवर जगवू नये.’ त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “उद्या न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटर लावून तुम्ही ठणठणीत घरी येणार असाल, तरी नको?” अर्थातच हवा. म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हताच, बरं होण्याची आशा संपली आहे का, याचा होता. ते वाक्य आम्ही तीनदा लिहिलं. असाध्य आजार, परत न येणारी शुद्ध, रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बोर्डाचं मत, असं सगळं त्यात आलं.

मी त्यांना सरळच विचारलं, “मग इंजेक्शन देऊन का नाही? नेदरलँड्समध्ये 2002 पासून चालतं.” ते म्हणाले, “आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि उद्या नसला तरी मी देणार नाही. थांबवणं म्हणजे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं. इंजेक्शन म्हणजे मी मारणं.” मला हे पूर्ण पटलं नाही, अजूनही पटत नाही. अंबू बॅगवरचा हात थांबला तेव्हा मी आजाराला वाट दिली की अण्णांना मारलं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण त्यांचं दुसरं म्हणणं मला खोडता आलं नाही. म्हणाले, “आपल्याकडे आयसीयूचं बिल बघूनच अर्धे निर्णय होतात. तिथे इंजेक्शनची सोय झाली, तर घरातली म्हातारी ‘माझा भार नको’ म्हणून हात पुढे करेल आणि आपण त्याला तिची इच्छा म्हणू.” अशी एक म्हातारी माझ्या ओळखीत आहे. मी गप्प बसले.

सगळ्यात जास्त वेळ राइल्स ट्यूबने खाल्ला. नाकातून जठरात जाणारी बारीक नळी, तिच्यातून पातळ अन्न देतात. हा उपचार की जेवण? उपचार असेल तर थांबवता येतो. जेवण असेल तर माणसाला उपाशी ठेवल्यासारखं होतं. अरुणाच्या वेळी याचिकेत हेच तर मागितलं होतं, की तिला भरवणं थांबवा. न्यायालयाने नकार दिला, आणि तिच्या वतीने बोलायचा अधिकार बाहेरून आलेल्या याचिकाकर्तीला नाही तर तिला इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांना आहे, असं सांगितलं. त्या परिचारिकांना तिला कालवून भरवणं थांबवायचं नव्हतं. ती गेली 18 मे 2015 ला, न्यूमोनियाने, हल्ल्यानंतर 41 वर्षांहून अधिक काळ अंथरुणावर काढून. मला तसं जगायचं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही त्या बायकांना चूक म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी लिहिलं : तोंडाने घेता येईल तेवढं द्यावं, नळी घालू नये, वेदना आणि धाप कमी करणारं औषध मात्र कधीही थांबवू नये. शेवटचा भाग डॉक्टरांनी स्वतःच्या पेनाने घातला.

मला शुद्ध नसताना माझ्या वतीने निर्णय कोण घेणार, त्याचं नाव लिहावं लागतं. मुलाने कागद हातातही धरला नाही. “आई, हे माझ्याकडून होणार नाही. तू माझ्यावर रागाव हवं तर.” रागावले नाही, पण वाईट वाटलं, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता. मग धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “ताई, लिही माझं नाव. मी रडत रडत सही करीन, पण करीन.” 2023 पासून एकाहून जास्त नावं देता येतात, म्हणून भाचीचंही घातलं.

साक्षीदार म्हणून शेजारच्या दोघी आल्या, त्यात विशेष काही नाही. नोटरी मात्र मृत्युपत्र समजून मिळकतीची यादी मागत बसला. समजावल्यावर “म्हणजे आत्महत्येचं?” असं विचारून त्याने खुर्ची मागे सरकवली. निकालाची प्रत दाखवली तेव्हा कुठे शिक्का मारायला तयार झाला, तोही स्टॅम्प पेपर आणायला लावून. न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्टॅम्प पेपरचा उल्लेखही नाही.

एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर पाठवलं. आतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट केला.

“मयताचं नाव?”

“मीच.”

“मृत्यूची तारीख टाकली नाहीये.”

मला हसू फुटलं, मग त्यांनाही. तीन फेऱ्यांनंतर योग्य टेबल सापडलं आणि पोच मिळाली. या कागदाने आपोआप काही होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. वेळ आली की आधी रुग्णालयाचं प्राथमिक बोर्ड बसतं. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान 5 वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. मग दुय्यम बोर्ड तेच पुन्हा तपासतं. दोन्हींनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. म्हणून एक प्रत डॉक्टरांकडे दिली, एक बहिणीकडे.

सगळं झालं म्हणून निवांत बसले होते, तर रात्री साडेदहाला बहिणीचा फोन. “ताई, मी नीट वाचलं गं. पण समजा डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही, थोडे दिवस बघू. तर मी किती दिवस बघायचं?”

एवढं लिहून, एवढ्यांदा खोडून, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अण्णांच्या वेळी आम्ही ‘थोडे दिवस’च बघत होतो, 21 दिवस. डॉक्टरांना विचारलं. आता 14 दिवसांची मुदत घालतेय : तोवर सगळे उपचार करा, मग बोर्डाने पुन्हा पाहावं. एकाहून जास्त इच्छापत्रं असली तर शेवटचं धरतात, म्हणजे अख्खा कागद पुन्हा करायचा. मंगळवारी नोटरीकडे जायचंय. या वेळी स्टॅम्प पेपर नेणार नाहीये.