बल्गेरियन बायकांचं गाणं

बल्गेरियन बायकांचं समूहगान पहिल्यांदा ऐकणाऱ्यांकडून दोन प्रश्न हमखास येतात. ‘या बेसूर गातायत ना?’ आणि ‘हे हजार वर्षांपूर्वीचं संगीत ना?’ दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे, पण नुसतं नाही म्हणून भागत नाही.

आधी बेसूरपणाचं. बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिच्या आसपासच्या शोप भागातल्या खेड्यांत दोन आवाजांत गायची जुनी रीत आहे. एकजण वरची चाल गाते, बाकीच्या खाली एकच सूर धरून बसतात. वरची गाणारी वारंवार रिषभावर येऊन रेंगाळते आणि खालच्या षड्ज सोडत नाहीत. षड्ज ३०० हर्ट्झचा धरला तर कोमल रिषभ ३२०चा. दोन्ही एकदम लागले की सेकंदाला २० ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहानमोठा होतो, आणि आवाज थरथरतो, घंटेच्या नादासारखा घुमतो. शुद्ध रिषभ घेतला तर ठोके साडेसदतीस. ही थरथर चुकून येत नाही, तीच साधायची असते. पुण्यामुंबईच्या गायनवृंदांनी हे करून बघायला हरकत नाही, पण ते नेमकं कुठे बिघडतं हे माहीत हवं.

सगळ्यात आधी बिघडतो खालचा सूर. शेजारी रिषभ जोरात लागला की षड्ज धरणाऱ्या नकळत वर सरकतात आणि दोन्ही आवाज एक होऊन जातात. म्हणून खाली किमान दोघीतिघी हव्यात आणि त्यांनी श्वास आळीपाळीने घ्यावा, म्हणजे सूर तुटत नाही. दुसरं, कंपन. आवाजात जराही डोलणारं कंपन आलं की ठोके पुसले जातात. सूर काठीसारखा सरळ लागला पाहिजे. तिसरं, उच्चार. एकीचा ‘आ’ रुंद आणि दुसरीचा मिटलेला असेल तर दोघी सुरात असूनही नाद जुळत नाही.

आवाज लावायचा तो छातीचा, मोकळ्या जबड्याने. तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीचा पहिला अनुनाद या गायिका मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येवर आणून ठेवतात, म्हणून माइकशिवाय आवाज शेतापलीकडे जातो. नुसता जोर लावला तर घसा बसतो, आणि कोवळ्या वयाच्या मुलींचा लवकर बसतो. पट्टी बेताची ठेवावी. शोप गाण्यांची धाव मुळात चारपाच सुरांचीच असते.

आता हजार वर्षांचं. बल्गेरियात प्रत्येक भागाचं गाणं वेगळं. थ्रेस भागातलं एकआवाजी, हरकतींनी भरलेलं. रोडोपे डोंगरातलं संथ, मोठ्या ‘काबा गायदा’ या मशकवाद्याच्या साथीने. चारपाच आवाजांची भरगच्च रचना खेड्यात नव्हती. ती आली १९५१ नंतर, फिलिप कुतेव यांनी सरकारी लोकगीत-नृत्य पथक उभं केलं तेव्हा. १९५२ मध्ये रेडिओचा स्त्रियांचा वृंद सुरू झाला. आवाज खेड्यातले, रचना शिकलेल्या संगीतकारांच्या: कुतेव, क्रासिमिर क्युर्कचीस्की, पेटर ल्योंदेव. त्यांनी शोप भागातली ती षड्ज-रिषभाची घासणारी जोडी गुळगुळीत करून टाकली नाही, उलट अनेक आवाजांत वाटून दिली. माझ्या मते या वृंदाची खरी कमाई ती आहे. रचना नवी म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

बाहेरचं नाव झालं ते मार्सेल सेलिए या स्विस संग्राहकामुळे. त्यांनी १९७५ मध्ये ‘ल मिस्तेर दे व्वा बुल्गार’ (बल्गेरियन आवाजांचं गूढ) ही तबकडी काढली, १९८६ मध्ये ती ब्रिटनमधून पुन्हा निघाली आणि दुसऱ्या भागाला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं. बिस्त्रित्सा गावच्या आजीबाईंचं शोप गाणं युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलं. आणि १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत वाल्या बाल्कान्स्का यांचं रोडोपेतलं गाणं आहे. त्याच तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.

राहिली लय. ‘राचेनित्सा’ हा नाच सात मात्रांचा, २+२+३. रूपकाचे सात ३+२+२ असतात, त्यामुळे आपल्याकडचे लोक इथे समेपाशीच अडखळतात. राचेनित्सात जोर पहिल्याच मात्रेवर असतो, रूपकासारखी तिथे खाली (टाळी नसलेली मात्रा) नसते. ‘कोपानित्सा’ हा नाच अकरा मात्रांचा, २+२+३+२+२. इथे बहुतेक जण लांब तुकडा ओढून चारचा करतात आणि अकराचे बारा होतात. मात्रा मोजत बसू नका. ‘तक तक तकिट तक तक’ असं सावकाश म्हणत पावलं टाका, लय अंगात बसल्यावरच वेग वाढवा. आणि गाणं त्यानंतर.