डिपस्टिकवर वाढलेले ऑइल

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडायचे, डिपस्टिक काढून जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना एवढे पाहायचे, ही सवय मला वडिलांच्या जुन्या डिझेल जीपने लावली. ती जीप ऑइल खात असे. त्यामुळे पातळी खाली गेली की काळजी करायची आणि जागच्या जागी राहिली की समाधान मानायचे, इतकेच गणित माझ्या डोक्यात पक्के बसले होते. माझी सध्याची गाडी २०२१ सालची, बीएस ६ डिझेल आहे. गेल्या हिवाळ्यात तिची डिपस्टिक पाहिली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही सात-आठ मिलिमीटर वर चढलेले होते. सर्व्हिसिंग होऊन साडेपाच हजार किलोमीटर झाले होते आणि मधल्या काळात कोणी थेंबभरही ऑइल ओतलेले नव्हते. दोन बोटांत चोळून पाहिले तर ते नको तितके सुळसुळीत लागले, आणि नाकाजवळ नेल्यावर सरळ डिझेलचा वास आला.

याचे कारण इंजिनात नव्हे, तर माझ्या रोजच्या प्रवासात होते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाड्यांच्या धुरातील प्रदूषणाची बीएस ६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवणे जवळजवळ अटळ झाले. ही जाळी काजळीने भरत आली की गाडीचा संगणक ती काजळी जाळायला घेतो आणि त्यासाठी जाळीचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. ही उष्णता मिळावी म्हणून अनेक गाड्यांमध्ये स्फोट होऊन गेल्यानंतर, पिस्टन खाली जात असताना, सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल फवारले जाते. ते धुराबरोबर पुढे जाऊन जळावे अशी अपेक्षा असते, पण त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरच राहतो आणि पिस्टनच्या रिंगांजवळून झिरपत खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात उतरतो. कोथरूड ते शिवाजीनगर हा माझा जेमतेम सहा-सात किलोमीटरचा प्रवास, तोही सिग्नलला थांबत थांबत होतो. काजळी जाळण्याचे काम सुरू होते न होते तोच मी गाडी बंद करतो, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि दर वेळी आणखी थोडे डिझेल ऑइलमध्ये मिसळते. पेट्रोल असे मिसळले तर गरम ऑइलमधून ते बऱ्यापैकी उडून जाते. डिझेल तितक्या सहजी उडत नाही. माझदा कंपनीच्या काही डिझेल गाड्यांच्या डिपस्टिकवर नेहमीच्या दोन खुणांच्या वर इंग्रजी एक्स अक्षराची एक वेगळी खूण असते. ऑइल तिथवर चढले की ते बदलायचे, असा तिचा अर्थ आहे. माझ्या डिपस्टिकवर तशी खूण नाही, पण ऑइल ताबडतोब बदलले पाहिजे हे कळायला वासच पुरेसा होता. पातळी फारच वाढली तर ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात ओढले जाऊ शकते, आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर चालू लागले तर ते चावी काढूनही बंद होत नाही.

म्हणजे ऑइल मुदतीआधीच बदलायचे हे ठरले, आणि कोणते घालायचे हा प्रश्न पहिल्यांदाच माझ्यावर आला, कारण तोपर्यंत ते काम मी डोळे मिटून दुसऱ्यांवर सोपवलेले होते. मागच्या सर्व्हिसिंगचे बिल काढून पाहिले, तर त्यावर नुसते 'इंजिन ऑइल' आणि त्यापुढे लिटर व रुपये एवढेच होते. ग्रेड नाही, दर्जा नाही, कंपनीसुद्धा नाही. बिलातल्या सर्वांत महाग वस्तूंपैकी एक, आणि ती नेमकी काय होती हे मला सांगता येत नव्हते.

घराजवळच्या गॅरेजमधले मामा पस्तीस-चाळीस वर्षे डिझेल गाड्याच दुरुस्त करत आले आहेत. त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले. "साहेब, आपल्याकडं काय बर्फ पडतो का? पंधरा-चाळीस टाका. हे पाच-तीस म्हंजे पाणी आहे पाणी. घाटात गाडी तापली की पार पातळ होतंय." मामांचा अनुभव मी कमी लेखत नाही. वडिलांच्या जीपला त्यांनी आयुष्यभर १५डब्ल्यू-४०, म्हणजे त्यांचे पंधरा-चाळीस, हेच साधे मिनरल ऑइल घातले आणि ते योग्यच होते, कारण तिच्या पुस्तिकेत तेच लिहिलेले होते आणि तिला डीपीएफ नव्हता. पण 'घट्ट' आणि 'पातळ' या दोन शब्दांत त्यांनी जे बसवले, त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले होते आणि तिसरा, माझ्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, बाहेरच राहिला होता.

मामांचे पाच-तीस डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. त्यात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. ५डब्ल्यू दर्जाचे ऑइल उणे ३५ अंशांना आणि १५डब्ल्यू उणे २५ अंशांना पंपाला ओढता आले पाहिजे, अशी ती कसोटी आहे. पुण्यात उणे अंश नाहीत हे खरे, परंतु जानेवारीतल्या पहाटे आठ-दहा अंश असतातच, आणि त्या वेळी १५डब्ल्यू ऑइल ५डब्ल्यूपेक्षा स्पष्टपणे दाट असते. इंजिन सुरू झाल्यापासून टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचेपर्यंतचे ते काही क्षण जितके कमी, तितके बरे. डब्ल्यूनंतरचा आकडा शंभर अंशांवरच्या दाटपणाचा असतो. तिथे ३०चे ऑइल ४०च्या ऑइलपेक्षा पातळ असते, इथपर्यंत मामा बरोबर आहेत.

मात्र घाटात ऑइलचा कस लागतो तो शंभर अंशांवर संथपणे वाहताना नव्हे, तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये त्याचा थर केसाहूनही बारीक होऊन प्रचंड वेगाने चिरडला जात असतो तेव्हा. त्यासाठी १५० अंशांवर, अशा चिरडण्याखाली केलेली वेगळी मोजणी असते आणि ती डब्याच्या दर्शनी बाजूला छापत नाहीत. १५डब्ल्यू-४० ऑइलसाठी या मोजणीत किमान ३.७ हा आकडा लागतो. साध्या ३० ग्रेडच्या ऑइलला २.९ पुरतो. पण तेच ३० ग्रेडचे ऑइल एसीईए या युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ वर्गातले असेल, तर त्याला किमान ३.५ गाठावेच लागते. म्हणजे सी३ दर्जाचे ५डब्ल्यू-३० आणि मामांचे पंधरा-चाळीस यांच्यात, जिथे खरी झीज होते त्या ठिकाणी, फरक नावापुरताच उरतो. सी२ वर्गाला मात्र २.९ चालते. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत ५डब्ल्यू-३० असेच छापलेले असते आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात. माझ्या पुस्तिकेत सी२ आणि सी३ दोन्ही चालतील असे आहे. इंधनाच्या थोड्याशा बचतीसाठी सी२ घेण्यात अर्थ असेलही, पण ज्याच्या ऑइलमध्ये डिझेल मिसळून ते आणखी पातळ होणार हे ठाऊक आहे, त्याने सी३ घ्यावे असे माझे मत झाले. ज्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा सी५ लिहिले आहे, त्यांना हे लागू नाही. ती इंजिने त्या पातळ थराचा विचार करूनच घडवलेली असतात.

आता तो बाहेर राहिलेला प्रश्न, म्हणजे राख. इंजिन ऑइलमध्ये मळ धुणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगे असतात, झीज रोखणारे जस्त आणि फॉस्फरस असतात. थोडेफार ऑइल प्रत्येक इंजिनात जळतेच आणि ते जळले की या धातूंची राख मागे राहते. काजळी म्हणजे कार्बन, तो जळून वायुरूपाने निघून जातो. राख आधीच जळून उरलेली असल्यामुळे सहाशे अंशांना काय आणि आठशे अंशांना काय, तिला कुठेही जायचे नसते. ती जाळीच्या छिद्रांत साठत जाते, काजळीसाठी जागा कमी होते, जाळी लवकर भरते, मग काजळी जाळण्याची पाळी वारंवार येते आणि दर पाळीला थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. चुकीचे ऑइल असे फिरून पुन्हा माझ्या डिपस्टिकवरच येते. शिवाय काजळी महामार्गावर अर्धा-पाऊण तास गाडी पळवून घालवता येते. राखेसाठी जाळी उतरवून साफ करावी लागते किंवा नवीच घ्यावी लागते, आणि ती किती महाग असते हे ज्याने विचारले आहे त्याला पुन्हा विचारावेसे वाटत नाही.

एसीईएच्या ए३/बी४ वर्गातल्या ऑइलमध्ये या राखेचे प्रमाण वजनाच्या १.० ते १.६ टक्के असते, तर सी२ आणि सी३ वर्गांत ते ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. आकडे क्षुल्लक वाटतात, म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. गाडीने दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाळले असे धरले, तर त्याचे वजन साधारण ८५० ग्रॅम. १.६ टक्क्याने साडेतेरा ग्रॅम राख होते, ०.८ टक्क्याने पावणेसात. लाख किलोमीटरला हेच आकडे साधारण १३५ आणि ६८ ग्रॅम होतात. सगळीच राख जाळीत अडकते असे नाही आणि माझी गाडी इतके ऑइल खातही नाही, पण दुपटीचे प्रमाण कुठे जात नाही. ए३/बी४ हे वाईट ऑइल आहे असे मात्र मुळीच नाही. डीपीएफ नसलेल्या कित्येक डिझेल गाड्यांना तेच शोभते. 'फुल्ली सिंथेटिक' हे सोनेरी शब्द या बाबतीत काहीही सांगत नाहीत, कारण सिंथेटिक ऑइल जास्त राखेचेही असते आणि कमी राखेचेही.

अमेरिकेच्या एपीआय संस्थेची अक्षरे आपल्याकडच्या डब्यांवर जास्त ओळखीची आहेत. एसने सुरू होणारी पेट्रोलची आणि सीने सुरू होणारी डिझेलची, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. त्यातले सीआय-४ हे २००२ सालचे, जास्त गंधकाच्या डिझेलच्या जमान्यातले. सीके-४ हे २०१६ अखेरचे, आणि त्यात राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे. मामांच्या फळीवरचे पंधरा-चाळीस सीआय-४ होते. ते ट्रॅक्टरला, जुन्या जीपला उत्तम. माझ्या गाडीला नाही. एपीआयचे सीके-४ आणि एसीईएचे सी३ यांत एकच सी अक्षर असले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. दुकानदारसुद्धा इथे गोंधळतात.

डबा घेताना मागच्या लेबलवरची बारीक अक्षरे दुकानातच वाचावीत, हवे तर मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचावीत. काही गाड्यांच्या पुस्तिकेत एसीईए वर्गाखेरीज कंपनीचा स्वतःचा दर्जाही दिलेला असतो. फोक्सवॅगनचा ५०७.००, मर्सिडीजचा २२९.५१ किंवा बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४ हे सगळे कमी राखेच्या ऑइलचेच दर्जे आहेत. तिथे 'मान्यता प्राप्त' आणि 'वापरण्यास योग्य' या दोन शब्दप्रयोगांत अंतर आहे. पहिल्यात गाडीच्या कंपनीने ऑइल तपासून परवानगी दिलेली असते, दुसरा ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. ब्रँडचा विचार मी सर्वांत शेवटी केला, आणि खरे सांगायचे तर जो डबा त्या दिवशी सीलबंद मिळाला तो घेतला.

मामांना हे सगळे समजावून सांगायचा मी प्रयत्न केला नाही. पुस्तिकेचे पान उघडून समोर ठेवले. त्यांनी चष्मा वर सरकवून ते वाचले, "कंपनीनं लिहिलंय म्हंजे टाकायला पाहिजे," म्हणाले आणि इंजिन थोडे गरम करून ड्रेन बोल्ट सोडला. जुने ऑइल पाण्याच्या धारेसारखे पडले. ते काळेकुट्ट होते, पण त्यात नवल नव्हते. काजळी धरून ठेवणे हे डिझेलच्या ऑइलचे कामच आहे आणि नवे ऑइलही हजारभर किलोमीटरात काळे पडते. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला. ऑइल पुस्तिकेतल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओतून, इंजिन दोन मिनिटे चालवून, मग दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहिली आणि उरलेले थोडे थोडे घातले. रिकाम्या डब्यांना मामांनी स्वतःहूनच स्क्रूड्रायव्हरने भोके पाडली, कारण अखंड डबे भंगारातून उचलून पुन्हा भरणारे लोक आहेत. बिलावर मी त्यांच्याकडून '५डब्ल्यू-३०, सी३' असे लिहून घेतले आणि तारीख व किलोमीटरची चिठ्ठी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली.

आता दहा हजारांची वाट न पाहता ऑइल पाच हजारांवर बदलायचे ठरवले आहे. दर पंधरवड्याला एकदा खंबाटकी घाटापर्यंत जाऊन येतो आणि काजळी जाळण्याचे काम चालू असल्याची शंका आली, म्हणजे उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा चढे दिसले, की घर आले तरी गाडी बंद न करता आणखी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणतो. शेजाऱ्यांना ते विचित्र वाटते. परवाच्या रविवारी ऑइल बदलून दोन हजार शंभर किलोमीटर झाले होते. डिपस्टिकवर पातळी सुरुवातीच्या जागेपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर वर होती, आणि डिझेलचा वास अजून थोडासा येतो.