पंचेचाळिसाव्या क्रमांकाचा हिशेब

आपल्या विदर्भात बर्फ म्हणजे गारपीट, आणि ती झाली की हाताशी आलेला हरभरा गेला. त्यामुळे 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकचा विषय निघाला की गावातली पोट्टी एवढंच विचारतात, "आरिफ खान 45वाच आला ना?"

या 'च'ला माझी हरकत आहे.

आरिफ हा काश्मीरचा स्कीपटू. तो 45वा आला ती जायंट स्लॅलम म्हणजे पायांना स्की, म्हणजे लांब पट्ट्या, बांधून बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या 'दरवाजां'तून वळत खाली येण्याची शर्यत. तिच्यात एकाच दिवशी दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींच्या वेळांची बेरीज धरतात. एक दरवाजा चुकला की खेळाडू बाद. 13 फेब्रुवारीला बीजिंगजवळच्या यानचिंगच्या डोंगरावर ताजा बर्फ पडत होता आणि दिसत फार कमी होतं. खालचा बर्फ कृत्रिम आणि टणक. अशा उजेडात उताराचे चढउतार डोळ्यांना कळत नाहीत. खेळाडू घाबरून मागे झुकतो, भार बाहेरच्या पायावरून आतल्या पायावर जातो आणि स्की निसटते. त्यात मागच्या क्रमांकाने सुटणाऱ्याला आधीच्यांनी वळणांवर पाडलेल्या चऱ्यांतून जावं लागतं. त्या दिवशी जवळपास निम्म्या खेळाडूंना शर्यत पूर्ण करता आली नाही. आरिफने 2 मिनिटं 47.24 सेकंदांत केली. विजेता स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमॅट, 2 मिनिटं 9.35. 37.89 सेकंदांचं अंतर मोठंच आहे, ते लपवायचं कारण नाही.

हे अंतर कुठून येतं? या शर्यतीत पुरुषांची स्की किमान 193 सेंटिमीटर लांब लागते, स्लॅलम या जवळजवळच्या दरवाजांच्या शर्यतीला 165. म्हणजे दोन प्रकारांसाठी दोन वेगळे संच, शिवाय सरावाचे निराळे. स्कीच्या पोलादी कडा साधारण 87 अंशांत घासतात. कठीण जमिनीत वखराची बोथट पास वरच्यावर घसरते, तशीच बोथट कड टणक बर्फावर आडवी सरकते. म्हणून कडा सतत घासाव्या लागतात, तळाला मेण लावावं लागतं. मोठ्या संघांकडे या कामाला स्वतंत्र माणूस असतो.

आरिफचे वडील गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान चालवत. तो चार वर्षांचा असताना स्कीवर उभा राहिला. पण गुलमर्गचा बर्फ थोड्या महिन्यांचा, आणि पात्रतेचे गुण मान्यताप्राप्त शर्यतींतूनच मिळतात. हे गुण जितके कमी तितकं चांगलं. ते मिळवायला परदेशी हिंडावं लागतं, आणि त्याचा खर्च खेळाडूच्याच डोक्यावर. पैशांअभावी त्याची 2018ची संधी हुकली. पुढच्या खेपेला स्लॅलमची पात्रता त्याने दुबईत आणि जायंट स्लॅलमची माँटेनेग्रोत मिळवली. एकाच हिवाळी ऑलिम्पिकच्या दोन प्रकारांत थेट पात्र ठरलेला तो पहिला भारतीय. बीजिंगला भारताचा खेळाडू तो एकटाच होता, ध्वजही त्याच्याच हाती.

स्लॅलममध्ये दरवाजे फारच जवळ असतात, सावरायला वेळ मिळत नाही. 16 फेब्रुवारीला त्याला पहिलीच फेरी पूर्ण करता आली नाही. म्हणून तर आधीची 45वी जागा मी मोठी मानतो: त्या हवेत दोन्ही फेऱ्या, एकही दरवाजा न चुकवता.